सुईचं न सापडलेलं टोक

"ओसीडी," डॉक्टर म्हणाले. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "ते जरा टेबलावर ठेवता का?"

मी ठेवलं नाही. ते म्हणजे लोहचुंबक. साबणाच्या वडीएवढं, लाल रंगाचं, एका कडेला टवका उडालेलं. गेले आठ महिने ते माझ्या पर्समध्ये होतं आणि दवाखान्यात नंबर येईपर्यंत मी ते मुठीत धरून बसले होते.

सात रस्त्याजवळचा तो मानसोपचाराचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत सगळे एकमेकांची नजर चुकवून बसलेले. इथं कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून प्रत्येकानं जवळच्याच नाही तर लांबच्याही देवाला नवस बोललेला असावा. माझे यजमान नागनाथ शेजारी बसून तीच ती औषधाची जाहिरात वाचत होते.

डॉक्टरांनी कागदावर पूर्ण नाव लिहून दिलं. ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. नको असताना परत परत मनात घुसणारा विचार म्हणजे ऑब्सेशन. त्या विचारानं जीव घाबरा झाला की तो शांत करायला जे करावंच लागतं, ते कम्पल्शन. "चिंता हे याचं इंधन," ते म्हणाले. "तुम्ही तपासता तेव्हा ती कमी होते, म्हणून तुम्ही परत तपासता."

आजाराचं नाव कळल्यावर हायसं वाटलं, असं बरेच जण सांगतात. मला राग आला. एकोणीस वर्षं मी चेकर आहे. दोष काढणं हाच माझा धंदा. आणि हे गृहस्थ मला सांगत होते की दोष काढण्यातच माझा दोष आहे.

मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये काम करते. शिवलेला शर्ट माझ्यासमोर येतो. कॉलर, कफ, खिसा, काज, खालची पट्टी एवढं बघायचं. दोष दिसला की तिथं लाल बाणाचं छोटं स्टिकर चिकटवायचं आणि शर्ट मागं पाठवायचा.

आमच्याकडे सगळ्यात मोठा नियम सुईचा. मशीनची सुई तुटली की काम थांबवायचं आणि पुढचं सगळं चेकरनं, म्हणजे मी बघायचं. सगळे तुकडे शोधायचे, जुळवून अख्खी सुई होते का बघायचं, चिकटपट्टीनं रजिस्टरमध्ये लावायचे आणि खाली सही करायची. जुने तुकडे दाखवल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. टोक सापडलंच नाही, तर त्या मशीनवरचा सगळा गठ्ठा बाजूला काढायचा, त्यावरून एकदा चुंबक फिरवायचं आणि सुपरवायझरची सही घ्यायची. हे सगळं भिंतीवरच्या बोर्डावर लिहिलेलं आहे. नियम बरोबरच आहे. तो शर्ट लहान लेकराच्या अंगात जाणार असतो.

माझा आजार या नियमातून आत शिरला.

शाळा सुरू होण्याआधीची घाई होती. माझ्या समोरच्या मशीनवर बसणाऱ्या नरसम्मा अक्कांची सुई तुटली. टोक सापडायला पाऊण तास गेला. सापडलं, चिकटवलं, सही झाली. घरी येऊन मी कणीक मळत होते, आणि एकदम वाटलं, चिकटवलेलं टोक त्याच सुईचं होतं का? दुसऱ्या दिवशी जाऊन मी रजिस्टर उघडून बघितलं. बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी परत बघितलं. महिन्याभरात त्या पानाचा कोपरा काळा पडला.

मग शर्ट. कॉलर बोटांनी एकदा दाबून बघायची असते. मी दोनदा बघू लागले, चारदा, अकरा वेळा. मध्ये कुणी हाक मारली की पहिल्यापासून. मालक सगळ्यांसमोर माझ्याकडं बोट करून म्हणाले, "महानंदाताईंसारखी नजर पाहिजे." झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

नरसम्मा अक्कांना मात्र कळलं, काहीतरी बिघडलंय. त्यांच्या घरी तेलुगू, पण माझ्याशी मराठीत बोलतात. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत माझी बोटं हातात घेऊन म्हणाल्या, "कातडं निघालंय की गं. तू शर्टाला बघाय लागलीस का आणि कशाला?" मी हात काढून घेतला.

घरी माझी लेक श्रावणी. तेव्हा ती पाचवीत होती. तिच्या शाळेचे गणवेश आमच्याच युनिटमध्ये शिवले जातात. मी ते चुंबक युनिटमधून घरी आणलं. कुणाला न विचारता आणलं, म्हणजे चोरलंच. रोज सकाळी दप्तर अडकवायच्या आधी मी तिला दारात उभी करायचे आणि म्हणायचे, "हात पसर." ती दोन्ही हात बाजूला करायची. मी कॉलरपासून खाली चुंबक फिरवायचे, मग पाठीवरून, मग काखेतून. सुरुवातीला तिला गुदगुल्या व्हायच्या. पुढं ती गंभीर झाली. खाली शाळेची रिक्षा हॉर्न वाजवत असायची आणि आमचं तिसऱ्यांदा चाललेलं असायचं.

संध्याकाळी मी नागनाथांना विचारायचे, "काही होणार नाही ना हो?"

नागनाथ मूळचे करमाळ्याकडचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. मोजकं बोलतात. ते म्हणायचे, "काय हुत न्हाय."

पहिल्यांदा हे ऐकून मला रात्रभर पुरलं. पुढं तासभर पुरायचं, मग दहा मिनिटं. मग मी म्हणायचे, "माझ्याकडं बघून सांगा." ते बघून सांगायचे. शेवटी तर मी तोंड उघडायच्या आधीच न्हाणीतनं आवाज यायचा, "काय हुत न्हाय गं." त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं. तीच माया माझ्या आजाराला दोन वेळचं जेवू घालत होती, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

आता जे सांगायचं ते अवघड आहे. ओसीडी असलेल्या अनेकांना ते ओळखीचं वाटेल, म्हणून लिहिते.

काही दिवसांनी विचारानं रूप बदललं. सुई राहून गेली असेल, इथंवर तो थांबेना. मला दिसू लागलं की मीच हातानं सुईचं टोक शर्टात खोचतेय. जाणूनबुजून. आणि तो शर्ट श्रावणीचा. हे चित्र पोळी लाटताना यायचं, देवापुढं दिवा लावताना यायचं. मी लाटणं खाली टाकून द्यायचे. अशी आई असते का, असं स्वतःला विचारायचे.

ओळखीच्यांनी एका समुपदेशक बाईंचं नाव सुचवलं. मी गेले. दोन भेटी त्यांनी दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं, मन दुसरीकडं वळवायला सांगितलं, आणि अशी घटना होण्याची शक्यता किती कमी आहे ते हिशेब करून दाखवलं. तो हिशेब मी घरी नेला आणि रोज ताळा करून बघू लागले. तिसऱ्या भेटीत धीर करून मी ते चित्र सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. विचारलं, "मुलीचा राग येतो का तुम्हाला?" मग नागनाथांना आत बोलावून म्हणाल्या, "काही दिवस मुलीला यांच्याजवळ एकटं ठेवू नका."

त्यानंतर तीन महिने मी ते चित्र कुणालाही सांगितलं नाही, आणि श्रावणीची वेणी घालणंही सोडलं. चुंबक मात्र सुटलं नाही. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट होते.

उपचार करणाऱ्या मॅडम, सर, इथं मला एक लाल बाण चिकटवू द्या. विचारायला माझी हरकत नाही. तुम्हाला विचारावंच लागतं, तुमच्यावरही जबाबदारी असते. पण तो विचार आल्यावर आईला काय होतं, तेही विचारा. मला त्याची किळस यायची, भीतीनं हातपाय गार पडायचे, मी मुलीपासून लांब पळायचे. तेवढं विचारलं असतं तरी हा आजार आहे हे कळलं असतं. आणि पेन खाली ठेवू नका. आम्ही तुमच्या तोंडापेक्षा तुमच्या हाताकडं जास्त बघत असतो.

मला दवाखान्यात नेलं ते श्रावणीनं. एका सकाळी मी घाईत पाठीवरून चुंबक फिरवायचं विसरले. ती पायऱ्या उतरून परत वर आली. हात पसरून म्हणाली, "आई, मागून राहिलं. काही होणार नाही ना?"

शब्द माझेच होते. सूरसुद्धा माझाच. अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडून आलेला. मी स्वतः बुडाले असते तर चाललं असतं. पण ही लागण तिला होत होती. मी त्याच दुपारी नागनाथांना वर्कशॉपमध्ये फोन केला आणि म्हणाले, "चांगल्या डॉक्टरकडं जाऊ."

डॉक्टरांनी एसएसआरआय गटातली गोळी सुरू केली. मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर ती काम करते. ते म्हणाले, "आठवड्यात गुण येणार नाही. काही आठवडे लागतील. मनानं बंद करू नका." पहिले दिवस मळमळायचं, तोंड कोरडं पडायचं. मी रोज गोळीच्या पाकिटावरचं नाव सहा वेळा वाचायचे. तेही त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "एकदाच वाचायचं."

मग त्यांनी तबस्सुम मॅडमकडं पाठवलं. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे गोळ्या न देता बोलण्यातून आणि सरावातून उपचार करणाऱ्या. वयानं माझ्यापेक्षा लहान. मी त्यांना ते चित्र सांगितलं आणि त्यांच्या हाताकडं बघत राहिले. त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. ओळ पुरी करून विचारलं, "हे आलं की तुम्ही काय करता?"

का येतं, असं त्यांनी विचारलं नाही. मी काय करते एवढंच. मी पर्स उघडून चुंबक दाखवलं आणि तिथंच रडले.

त्यांच्या उपचाराचं नाव एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर जायचं ते एक्स्पोजर, आणि तिथं गेल्यावर नेहमीची कृती करायची नाही ते रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. आधी आम्ही भीतीच्या पायऱ्या लिहिल्या. सगळ्यात खाली, टेबलावर नव्या सुयांचं पाकीट ठेवून शेजारी बसणं. सगळ्यात वर, श्रावणीला चुंबक न फिरवता शाळेत पाठवणं. मॅडमनी त्या पायऱ्या माझ्यावर लादल्या नाहीत, माझ्याकडून लिहून घेतल्या.

मग त्यांनी नागनाथांना बोलावलं आणि सांगितलं, "'काय हुत न्हाय' हे आता बंद करायचं."

नागनाथ गोंधळले. "मग काय म्हणू? बायको रडतीया अन् मी गप बसू व्हय?"

"गप्प नका बसू. 'माहीत नाही' म्हणा. आणि शेजारी बसा."

"म्हाईत न्हाय? असं कसं म्हणू, मॅडम? मला तर म्हाईत हाय की काय हुत न्हाय."

"तुम्हाला शंभर टक्के माहीत आहे?"

नागनाथ टोपी काढून डोकं खाजवत बसले. खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "शंभर टक्के तर गाडीच्या ब्रेकचंबी कुणाला म्हाईत नसतं. आमी तपासतो अन् सोडतो."

"तेच," मॅडम म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी विचारलं. नागनाथ ओट्यावर आधण ठेवत म्हणाले, "म्हाईत न्हाय. चा घिऊ."

मला इतका संताप आला की मी हातातला तांब्या आपटला. वाट्टेल ते बोलले. त्यांच्या खानदानाचा उद्धार केला. ते ओट्यापाशी उभे राहिले आणि चहा उतू गेला. दीड तास माझ्या छातीत धडधड होती. मग ती हळूहळू कमी झाली. कुणी काही समजावलं नव्हतं, मी काही तपासलं नव्हतं, तरी ती कमी झाली. मॅडमनी हे आधी सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि भोगलेलं यात फरक असतो.

आता तबस्सुम मॅडमनाही एक बाण. त्यांच्या परवानगीनं लिहितेय.

तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "कामावरसुद्धा तपासणं बंद करून बघू." मी आज्ञाधारक पेशंट. त्या आठवड्यात एका बाईची सुई तुटली आणि मी रजिस्टर उघडलंच नाही. हात मांडीखाली दाबून बसले. मॅडमनी सांगितलं आहे ना, असं मनात घोकत होते. नरसम्मा अक्का उठून आल्या. "रजिस्टर न्हाई लिहिलीस की," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः तुकडे शोधून चिकटवले. सुपरवायझरनं ते बघितलं. मला दोन आठवडे घरी बसवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाला बोल लागला.

मी मॅडमपुढं जाऊन फणकारले. त्यांनी सारवासारव केली नाही. म्हणाल्या, "माझं चुकलं. तुमचं काम मला माहीत नव्हतं. दाखवाल?"

मालकांची परवानगी काढून त्या युनिटमध्ये आल्या. दोन तास स्टुलावर बसल्या. सुईचं रजिस्टर पान न पान बघितलं. भिंतीवरचा बोर्ड वाचला, वहीत उतरवून घेतला. मग मला म्हणाल्या, "बोर्डावर जे आहे ते तुमचं काम. ते एकदा, नीट करायचं. बोर्डावर जे नाही ते आजाराचं. ते करायचं नाही."

एवढ्या एका वाक्यानं माझं काम मला परत मिळालं. कॉलर एकदा दाबायची, हे बोर्डावर होतं. अकराव्यांदा दाबायची, हे कुठंच नव्हतं. सोनाराकडं, नर्सकडं, स्वयंपाक्याकडं, प्रत्येकाकडं असा एक न लिहिलेला बोर्ड असणार. उपचार सुरू करायच्या आधी तो वाचून घ्या, एवढंच माझं सांगणं आहे.

चुंबक परत करायला पाच महिने लागले. आधी ते पर्समधून कपाटात गेलं, कपाटातून नागनाथांच्या अवजारांच्या पेटीत. दोनदा मी ते चोरून काढलं. एकदा श्रावणीला ताप होता तेव्हा तीन दिवस सगळं पहिल्यासारखं झालं. मॅडम म्हणाल्या, "घसरलात, पण कुठल्या पायरीवर आहात ते तुम्हाला माहीत आहे." मग एका सोमवारी मी ते सुपरवायझरच्या खणात ठेवलं आणि ते चोरल्याचं कबूल केलं. तो म्हणाला, "आमी नवीन आणलं की कवाच."

मागच्या महिन्यात मॅडमनी मला त्यांच्या शिकाऊ समुपदेशकांच्या वर्गात बोलायला नेलं. हे सगळं सांगून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, "पण आता तुम्ही पूर्ण बऱ्या आहात ना?" मी म्हणाले, "म्हाईत न्हाय." सगळे हसले. ती हसली नाही, वहीत लिहून घेऊ लागली. ती चांगली होईल असं मला वाटतं.

त्या वर्गात एक गोष्ट सांगायची राहिली.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरही राहिलेल्या ऑर्डरी चालू होत्या. नरसम्मा अक्कांची सुई तुटली. शर्ट श्रावणीच्या शाळेचे होते. टोक सापडलं नाही. मी बोर्डाप्रमाणे केलं. गठ्ठा बाजूला काढला, चुंबक एकदा फिरवलं, सुपरवायझरची सही घेतली. रजिस्टरमध्ये अर्ध्या सुईच्या पुढं जागा मोकळी राहिली. तिथं लिहिलं, टोक सापडले नाही. वही मिटली. अक्का माझ्याकडं बघत होत्या. मी पुढचा शर्ट ओढला.

घरी आल्यावर नागनाथांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी काही विचारलं नाही. ते म्हणाले, "चा घिऊ?" आम्ही प्यायलो. धडधड चढली, बराच वेळ राहिली, उतरली. या माणसानं माझ्यासाठी शेकडो वेळा एक वाक्य म्हटलं आणि मग माझ्याचसाठी ते गिळलं. दुसरं जास्त अवघड होतं, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांचे, मॅडमचे, अक्कांचे उपकार आहेतच. पण पहिले यांचे.

आठवड्यानं श्रावणीचा नवा शर्ट घरी आला. त्याच ऑर्डरमधला. सकाळी ती तो घालून दारात उभी राहिली. नव्या कापडाचा वास आला, मी तिच्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कुणास ठाऊक. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि दोन्ही हात पसरले.

माझे हात मोकळे होते. मी म्हणाले, "हात खाली कर बाई. रिक्षा आलीय."

तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं. हात खाली केले, दप्तर उचललं आणि पायऱ्या उतरून गेली. परत वर आली नाही.